ध्यानावरून भांडलेला गुरू

'झेन' म्हटलं की आमच्या बाबांच्या पिढीला आधी मारुतीची गाडी आठवते. ती गाडी बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. पण मित्रांनो, हा शब्द मुळात आपलाच आहे. संस्कृतातलं 'ध्यान', पालीत त्याचं झालं 'झान', बौद्ध भिक्षूंबरोबर चीनला गेल्यावर 'चान' आणि तिथून जपानला पोचल्यावर 'झेन'. म्हणजे शब्द इथून एक्स्पोर्ट झाला आणि पॅकिंग बदलून परत आला, तेव्हा कुठे आपल्याला भारी वाटायला लागला.

गंमत अशी, की मन शांत करायची ही विद्या शिकवणारी आणि शिकणारी माणसं आपापसात फार भांडतात. होस्टेलच्या मेसमध्ये बघा. एक विपश्यनावाला, एक प्राणायामवाला आणि एक नामस्मरणवाला एका टेबलवर आले की पाच मिनिटांत आवाज चढतात, आणि तेही मन शांत कसं करायचं यावरून! पोळ्या गार होतात, पण कोणी माघार घेत नाही.

या प्रकारच्या भांडणातला इतिहासातला एक फार मोठा भिडू म्हणजे बाराव्या शतकातला चिनी गुरू दाहुई त्सोंगगाओ. चीन, कोरिया, जपान इथल्या झेनच्या अभ्यासकांना हे नाव पाठ असतं. आपल्याकडे १९८७ साली पुण्यात ओशोंनी त्याच्यावर प्रवचनांची मालिका केली होती, त्यामुळे काही घरांत तो 'ता हुई' या नावाने पोचलेला आहे. मी त्याचा उल्लेख एकेरीच करणार आहे. आपण विठोबालासुद्धा अरे-तुरे करतो, तेव्हा चालून जाईल.

दाहुईचा जन्म १०८९ सालचा, आजच्या आन्ह्वेई प्रांतातल्या निंगगुओचा. तेराव्या वर्षी त्याला गावच्या शाळेत घातलं. तिथे पोरांबरोबर दंगा करताना त्याने शाईची दौत फेकली, ती नेमकी गुरुजींच्या टोपीला लागली. तीनशे नाणी भरपाई द्यावी लागली. घरी येऊन त्याने जाहीर केलं की असली व्यवहाराची पुस्तकं शिकण्यापेक्षा जगाच्या पलीकडचं काही शिकलेलं बरं. (आपल्यापैकी किती जणांनी एम-थ्रीच्या पेपरानंतर हाच विचार केला असेल!) पण त्याने तो खरा केला. सतराव्या वर्षापर्यंत त्याने मुंडण करून दीक्षा घेतलेली होती.

पोरगा अतिशय हुशार होता. त्याची अडचणही तीच होती. त्या काळी चान पंथाच्या दोन मोठ्या शाखा होत्या, लिन्जी आणि त्साओदोंग. दाहुई सुरुवातीला त्साओदोंगच्या गुरूंकडे राहिला. त्यांची सगळी सूत्रं त्याने भराभर आत्मसात केली आणि मग त्याचं मन तिथून उडालं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याने टीका केली ती याच शाखेच्या ध्यानावर, आणि ती बाहेरच्या माणसाने केलेली टीका नव्हती.

नंतर तो लिन्जी शाखेच्या वेनचुन नावाच्या गुरूकडे गेला. तिथेही तेच. प्रवचन दे म्हटलं की देतो, जुन्या गुरूंच्या कथांवर पद्य रच म्हटलं की रचतो, वादात कोणाला हार जात नाही. शेवटी गुरूने त्याला समोर बसवून सांगितलं, की तुला सगळं येतं, फक्त एक गोष्ट येत नाही. माझ्या खोलीत बोलताना तुझ्यापाशी चान असतं, पण झोप लागली की ते नाहीसं होतं. मग मरणासमोर तू काय करशील? दाहुईने कबूल केलं की त्याला स्वतःलाही हीच शंका खात होती. व्हायवात फाडफाड उत्तरं देणाऱ्या माणसाला एक्स्टर्नलने जर्नल मिटवून विषय खरंच कळलाय का असं विचारावं, तसा हा प्रसंग. वेनचुन १११५ साली वारला. जाताना तो दाहुईला युआनवू या गुरूकडे जायला सांगून गेला.

युआनवूपर्यंत पोचायला दाहुईला दहा वर्षं लागली. तेव्हा तो राजधानी काइफेंगमध्ये होता. दाहुईने मनाशी एक अटच घातली. या माणसाला नऊ वर्षं द्यायची. आणि यानेही इतरांसारखं पटकन शाबास म्हणून पाठ थोपटली, तर चान वगैरे काही नसतंच असा एक ग्रंथ लिहून मोकळं व्हायचं. मला हा माणूस इथे आवडायला लागला. सर्टिफिकेट सहज मिळालं तर ते खोटं समजायचं, ही अट स्वतःच स्वतःला कोण घालतं?

युआनवूने पाठ थोपटली नाही. ११२५ साली एका प्रवचनात एक वाक्य ऐकताना दाहुईचे विचार एकदम थांबले, तरी गुरू म्हणाला की एवढ्यावर भागत नाही. मग त्याला एक कोडं दिलं, झाडाला विळखा घातलेल्या वेलीचं. दाहुई रोज उत्तर घेऊन जायचा, तोंड उघडायचा, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत युआनवू नाही म्हणून टाकायचा. जवळजवळ सहा महिने हे चाललं. सबमिशनची फाइल सहा महिने रोज परत! शेवटी एकदा ते कोडं सुटलं, आणि सुटलं ते युक्तिवादाने नाही. पुढच्याच वर्षी त्याला राजदरबारातून जांभळं वस्त्र आणि पदवी मिळाली.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे ११२७ मध्ये, राजधानीच गेली. उत्तरेकडून आलेल्या जुर्चेन फौजांनी काइफेंग घेतलं, बादशहाला कैद करून नेलं. सोंग घराण्याचा उरलेला दरबार दक्षिणेला पळाला आणि काही वर्षांनी हांगझोऊला स्थिरावला. अर्धा देश गेलेला, लाखो माणसं निर्वासित. शिकलेल्या अधिकारी वर्गाला जबरदस्त धक्का बसला होता. युद्ध करायचं की तह करायचा यावरून रोज दरबारात खडाजंगी. अशा वेळी डोकं शांत ठेवण्यासाठी कितीतरी अधिकारी ध्यानाकडे वळले. ही पार्श्वभूमी नसेल, तर पुढचं भांडण म्हणजे नुसता मठांमधला रिकामा उद्योग वाटेल.

याच काळात त्साओदोंग शाखेचं एक ध्यान फार लोकप्रिय झालं होतं. त्याला 'मौन प्रकाश' म्हणता येईल. ताठ बसायचं, काही मिळवायचा प्रयत्न करायचा नाही. मन आपोआप निवळतं आणि मुळातलं तेज आपोआप दिसतं. याचा सर्वांत मोठा गुरू होंगझी. तो दाहुईपेक्षा दोन वर्षांनी लहान, ११२९ पासून निंगबोजवळच्या थिएनथोंग डोंगरावरच्या मठाचा प्रमुख. त्याच्या काळात तिथली भिक्षूंची संख्या हजाराच्या वर गेली. या शाखेची एक मजेशीर कहाणी आहे. अकराव्या शतकात ती जवळजवळ बुडाली होती. शेवटच्या गुरूला लायक शिष्यच मिळेना. तेव्हा त्याने आपल्या खुणेच्या वस्तू एका लिन्जी गुरूकडे ठेव म्हणून दिल्या, आणि त्या लिन्जी गुरूने पुढे योग्य माणूस शोधून त्याला त्साओदोंगचा वारसा सोपवला. म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीने सांभाळून परत दिलेली ही शाखा होती!

दाहुई ११३४ साली फुजियान प्रांतात होता. तिथेच जवळ चिंगलिआओ नावाचा त्साओदोंगचा दुसरा मोठा गुरू मौन प्रकाश शिकवत होता. दाहुईने तोफ डागली. नुसतं डोळे मिटून बसणारे हे लोक मेलेल्यासारखे बसतात, यांना जागं होण्याची गरजच वाटत नाही. दगडाखाली गवत दाबावं तसे हे विचार दाबतात, दगड उचलला की गवत पुन्हा वर. त्यांना मुंडण केलेले पाखंडी म्हणायलाही त्याने कमी केलं नाही. त्याची मुख्य तक्रार अधिकाऱ्यांबद्दल होती. सकाळी आसनावर शांत आणि दुपारी कचेरीत गेल्यावर भेदरलेले, तर त्या शांततेचा उपयोग काय, असं त्याचं म्हणणं.

यावरून जो प्रसंग घडला तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. झेंग आंग नावाचे एक विद्वान गृहस्थ होते, वय चौसष्ट. ते मौनाच्या बाजूचे. ते दाहुईच्या खोलीत आले ते उदबत्ती घेऊन, पण आवाज आणि चेहरा दोन्ही तापलेले. त्यांनी दाखल्यांचा पाऊस पाडला. विमलकीर्ती प्रश्नाच्या उत्तरादाखल गप्प राहिला, बोधिधर्म नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला, खुद्द बुद्धाने मगधात दार बंद करून मौन धरलं. मग मौनाला नावं ठेवणारे तुम्ही कोण?

थोडं थांबून विचार करा, या गृहस्थांना एवढा राग का यावा? मौनाचा पुरस्कार करणारा माणूस मौनाच्या बचावासाठी ओरडतोय! मला वाटतं, कोणी आपल्या ध्यानाच्या पद्धतीला चूक म्हणालं की आपल्याला ऐकू येतं ते वेगळंच. आपली इतकी वर्षं फुकट गेली, असं ऐकू येतं. गणितात चूक निघाली तर खोडून पुन्हा सोडवता येतं. आयुष्याची वीस वर्षं खोडता येत नाहीत. म्हणून दाखले, म्हणून आवाज.

दाहुईने आधी ग्रंथांचं उत्तर ग्रंथांनी दिलं. झेंग कन्फ्यूशियसच्या परंपरेतले आणि शिकलेले, म्हणून त्याने च्वांग-त्सू काढला. खरी गोष्ट बोलण्यातही मावत नाही आणि गप्प बसण्यातही मावत नाही, हे त्यांच्याच वाचनातून दाखवलं. मग एकदम त्यांना वय विचारलं. चौसष्ट. चौसष्ट वर्षांपूर्वी तुम्ही कुठून आलात? उत्तर नाही. आणि मेल्यावर कुठे जाल? तेही नाही. हे मौन मात्र झेंगनी ठरवून धरलेलं नव्हतं. ते तिथे हरले आणि दाहुईकडे शिकू लागले. त्याच वर्षी दाहुईने खरं आणि खोटं ध्यान वेगळं कसं करायचं यावर एक लेखही लिहिला. अर्थात हा सगळा वृत्तांत दाहुईच्याच बाजूने आलेला आहे, हे विसरू नये. झेंग आंग यांनी घरी जाऊन काय लिहिलं असतं, कोण जाणे.

मग दाहुईची स्वतःची पद्धत काय? जुन्या गुरूंच्या कथेतला एकच कळीचा शब्द पकडायचा. त्याचा आवडता शब्द म्हणजे 'नाही'. कुत्र्यामध्ये बुद्धत्व असतं का असं एका भिक्षूने झाओझोऊ या गुरूला विचारलं होतं, आणि त्याने नकार दिला होता. शास्त्र तर म्हणतं सगळ्या जीवांत असतं. मग हा नकार कशाचा? त्यावर तर्क करायचा नाही, अर्थ लावायचा नाही, सोडूनही द्यायचं नाही. चालताना, खाताना, कचेरीत फायली बघताना तो एक 'नाही' मनात धरून ठेवायचा, शंका इतकी वाढवायची की एक दिवस तिचा स्फोट व्हावा. यासाठी नोकरी-संसार सोडायची गरज नाही. त्याची ६२ पत्रं जपली गेली आहेत आणि ती जवळजवळ सगळी घरगृहस्थी असलेल्या माणसांना लिहिलेली आहेत. ज्यांना युक्तिवाद करता येतो त्यांनाच हे सगळ्यात जड जातं, असं तो त्यांत पुन्हा पुन्हा बजावतो. हे त्याला कसं माहीत, ते वर आलंच आहे.

त्याच ११३४ साली फुजियानमध्ये त्याच्याजवळ ५३ साधक होते आणि पन्नास दिवसांच्या आत त्यांतल्या १३ जणांना जाग आली, अशी नोंद आहे. रिझल्ट साधारण पंचवीस टक्के, म्हणजे आमच्या युनिव्हर्सिटीच्या मानाने बराच म्हणायचा. या पद्धतीने पहिल्यांदा जाग आली ती मिआओदाओ नावाच्या भिक्षुणीला. आणि ती आधी शिकत होती कुणाकडे? त्याच चिंगलिआओकडे. मला इथे थोडी शंका येते. त्या काळी मोठ्या सरकारमान्य मठांचे प्रमुख अधिकाऱ्यांच्या संमतीने नेमले जात. देणग्या त्यांच्याकडून, संरक्षण त्यांच्याकडून. एका शाखेकडे विद्यार्थी आणि आश्रयदाते गेले, की दुसरीचे कमी होणार. तेव्हा भांडण फक्त तत्त्वाचं होतं असं मी म्हणणार नाही. पण फक्त पोटाचं होतं असंही म्हणवत नाही.

शिवाय दोघांनी एकमेकांचं जे चित्र रंगवलं, ते पूर्ण खरं नव्हतं. होंगझीने जुन्या गुरूंच्या शंभर कथांवर पद्यं रचली होती, म्हणजे कथांचा अभ्यास त्याच्याकडेही होता. आणि दाहुई स्वतः आसनावर बसायचा, शिष्यांनाही बसवायचा. बसणं हे औषध आहे, औषधालाच जेवण समजू नका, एवढंच त्याचं म्हणणं. आपल्या छापील टीकेत त्याने होंगझीचं नाव घेऊन हल्ला केलेला नाही. भांडण मात्र दोघांना पुरून उरलं. १२२३ साली जपानहून चीनला गेलेला दोगेन होंगझीच्याच थिएनथोंग मठात शिकला आणि पुढे त्याने दाहुईवर इतकं जहाल लिहिलं की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. उलट कोरियात जिनुल या भिक्षूला दाहुईचा ग्रंथ वाचतानाच जाग आली, आणि कोरियाच्या मठांत ती पत्रं पाठ्यपुस्तक होऊन बसली.

आपल्या बाजूच्या लोकांनाही दाहुईने सोडलं नाही. त्याच्या गुरूचा, युआनवूचा, शंभर कथांवरचा एक ग्रंथ फार गाजला होता. शिष्य त्यातली वाक्यं पाठ करून खोलीत येऊन फेकू लागले. गाइड वाचून पेपर लिहिण्याचाच हा प्रकार! तेव्हा दाहुईने त्या ग्रंथाचे छपाईचे लाकडी ठोकळेच जाळून टाकले, असं परंपरा सांगते. सख्ख्या गुरूचं पुस्तक! सुमारे दीडशे वर्षांनी ते पुन्हा जुळवून छापावं लागलं.

११३७ साली झांग जुन या मंत्र्याच्या आग्रहावरून तो राजधानीजवळच्या जिंगशान मठाचा प्रमुख झाला. भिक्षूंची गर्दी दीड हजाराच्या पुढे गेली. पण राजधानीजवळ राहणं महागात पडलं. झांग जिउचेंग हा तहाला विरोध करणारा अधिकारी त्याच्याकडे यायचा. ११४१ मध्ये एका प्रवचनात दाहुईने सोंग सैन्याच्या एका जबरदस्त धनुष्याची उपमा वापरली. पाय अडकवून ताणायचं, लांब पल्ल्याचं ते शस्त्र. आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी त्याचं डिझाइन जरूर बघावं. पंतप्रधान चिन हुईला त्यात राजकारणाचा वास आला. तोच चिन हुई, ज्याच्यामुळे त्याच हिवाळ्यात युए फेई या सेनापतीचा जीव गेला. दाहुईचं वस्त्र काढून घेतलं, भिक्षू असल्याचा दाखला रद्द केला आणि त्याला हुनानमधल्या हेंगझोऊला हद्दपार केलं. ११५० मध्ये तिथून आणखी दक्षिणेला, मेइझोऊला. तो साथींचा मुलूख. बरोबर गेलेले कितीतरी शिष्य तिथे तापाने मेले, तरी उरलेले त्याला सोडून गेले नाहीत. ज्याने अधिकाऱ्यांना संकटात ध्यान टिकतं का असं विचारलं होतं, त्याची स्वतःची परीक्षा अशी जवळजवळ पंधरा वर्षं चालली. या काळात त्याने साडेसहाशेहून जास्त कथांचा एक संग्रह तयार केला.

चिन हुई ११५५ मध्ये मेला आणि दाहुईची सुटका झाली, वस्त्र परत मिळालं. आता सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांच्या या माणसाला मठ कुठला द्यायचा? निंगबोजवळचा आयुवांग मठ रिकामा होता. आयुवांग म्हणजे अशोक राजा, आपल्याच सम्राट अशोकाच्या नावाचा मठ. त्या जागेसाठी दाहुईचं नाव सुचवलं ते शेजारच्या थिएनथोंग मठाच्या प्रमुखाने. होय, होंगझीने!

पुढचं आणखी ऐका. दाहुई येणार म्हणजे त्याच्यामागे माणसांची झुंबड येणार आणि त्या मठाचं धान्य पुरणार नाही, हे होंगझीने आधीच ओळखलं. त्याने आपल्या कोठाराच्या कारभाऱ्याला जास्तीचा साठा बाजूला ठेवायला सांगितलं. आणि खरंच आयुवांगचं स्वयंपाकघर अडचणीत आलं तेव्हा तो साठा तिकडे पाठवला, असं सांगतात. ज्याच्या शाखेला पाखंडी म्हटलं गेलं होतं, त्याच्या तांदळावर ते म्हणणाऱ्याचे शिष्य जेवले.

११५७ च्या शरद ऋतूत होंगझी डोंगर उतरून खाली आला. जवळजवळ तीस वर्षांत तो फारसा उतरलेला नव्हता. ओळखीच्या अधिकाऱ्यांना, देणगीदारांना भेटला, सगळ्यांचे आभार मानले आणि परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, कपडे बदलले, ब्रश आणि कागद मागवला. शेवटचं पत्र त्याने आपल्या शाखेतल्या कोणाला लिहिलं नाही. ते दाहुईला होतं. आपल्यामागे मठाची व्यवस्था तुम्ही बघा, एवढी विनंती त्यात होती. मग तो बसल्या जागी गेला. पत्र पोचलं त्याच रात्री दाहुई थिएनथोंगला आला आणि अंत्यविधी त्याने केले.

त्या रात्री डोंगरावर हजारभर भिक्षू असतील. मौन प्रकाशात वाढलेले, दाहुईने आपल्याला काय काय म्हटलं आहे ते नीट माहीत असलेले. त्यांना हा माणूस प्रेताशेजारी उभा राहिलेला बघून काय वाटलं असेल, याचा मी बराच विचार केला. दाहुईने आपली मतं बदलली नाहीत. मौन प्रकाश अपुरा आहे असं तो नंतरही मानत राहिला.

पुढच्या वर्षी तो जिंगशानला परतला. राजकुमार असल्यापासून त्याला मानणारा श्याओझोंग ११६२ मध्ये बादशहा झाला आणि त्याने त्याला 'दाहुई' म्हणजे महाप्रज्ञ हे नाव दिलं. म्हणजे ज्या नावाने मी हा सगळा लेख लिहिला, ते त्याला मरणाच्या आदल्या वर्षी मिळालं! ११६३ च्या आठव्या चांद्रमासात, चिनी हिशोबाने पंचाहत्तराव्या वर्षी, तो अंथरुणाला खिळला. जाताना गुरूने एक पद्य लिहून ठेवायचं अशी चानमध्ये रीत आहे. शिष्य मागे लागले. पद्याशिवाय मरता येत नाही की काय, असं म्हणून तो त्यांच्यावर चिडला. मग ब्रश घेतला, चार ओळी खरडल्या आणि झोपला.